दस्त्याचं माप

वडील गेले आणि त्यांची शिकारीची जुनी रायफल थोरल्या मुलाकडे आली. तिच्या लाकडी दस्त्याला आरपार तडा गेला होता. मुलगा हाडाचा सुतार, त्यामुळे हे काम दुसऱ्याकडे सोपवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने अक्रोडाचा सुकलेला ठोकळा घेतला आणि जुना दस्ता शेजारी ठेवून हुबेहूब तसाच नवा घडवला. नळी त्यात चपखल बसली.

पण रायफल खांद्याला लावली, तर बोट चापापर्यंत पोचेना. वडील ताडमाड होते, हा आईच्या वळणावर गेलेला.

आई दारातून बघत होती. "दस्ता काप की दोन बोटं," ती म्हणाली.

"बाबांचं माप आहे, आई."

"उंची माझी घेतलीस, मग दस्ता त्यांच्या मापाचा कशाला? ते गेले रे. आता रायफल तुझ्याच खांद्याला लागायची."

करवत घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. अंत्यविधीच्या वेळीही त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. करवत फिरली, तुकडा खाली पडला, आणि तो भुशातच मटकन बसून हमसून हमसून रडू लागला. आई गुडघे धरत त्याच्या शेजारी टेकली. पुष्कळ वेळाने त्याने डोळे पुसले आणि कापलेली कड घासायला घेतली.