मनोजच्या वाळकाचं बी

शेत विकून अकोल्यात आलेल्या बाईनं भाड्यानं जमीन घ्यावी, अन् तीही दोन खाटांएवढी! लोक हसले. शकुन म्हणाली, हसा बापा, तुमचे दात तुमच्याजवळ.

कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मागं मोकळी जागा होती. त्या सालात कापसाचेच हाल कुत्रं खात नव्हतं, तिथं जिनिंग काय चालणार! मालकानं त्या जागेचे वाफे पाडले आणि भाजीपाल्यासाठी वस्तीतल्या बायांना हंगामापुरते भाड्यानं दिले. शेजारच्या अनीसाभाभीनं शब्द टाकला, आणि होळी झाल्यावर तिच्या वाफ्याला लागूनच शकुनला वाफा मिळाला.

"मेथी लाव, शकुनबाई. महिन्याभरात जुड्या हातात," भाभी म्हणाली.

"नाही भाभी. मले वाळूक लावाचं हाये."

वाळूक म्हणजे मनोज. तिचा एकुलता एक. मोर्शीकडच्या त्यांच्या शेतात कपाशीच्या ओळींमधून तो वाळकाचे वेल सोडायचा, आणि पहिलं गोल, जाडजूड फळ बांधावरच बुक्कीनं फोडून खायचा. एकोणिसाव्या वर्षी तापानं धरला. आधी मोर्शी, मग अमरावती. दवाखान्यापायी शेत गेलं आणि त्याच्यामागं पोरगंही गेलं. शकुननं गाव सोडताना त्याच्या शेवटच्या वेलाचं बी तेवढं सोबत घेतलं. गावात विकतच्या पुड्या आल्यापासून ते वाण दुसऱ्या कोणाजवळ उरलं नव्हतं. ते मातीत गेलं तर मनोजचं काहीतरी या जगात हिरवं राहणार होतं, एवढंच तिचं म्हणणं.

बी ठेवायची रीत जुनी. शेणात कालवायचं, थापायचं आणि घराच्या भिंतीवर चिकटवून द्यायचं, म्हणजे किडा लागत नाही. गावात घराघरात मागच्या भिंतीवर असे थापे असायचे. लेकरालाही ठाऊक, की याला हात लावायचा नाही. पण अकोल्याच्या घरमालकिणीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, भिंतीले शेण लावाचं नाही, रंग खराब होते. मग गावाहून आणलेले ते चार थापे शकुननं चुलीजवळ टोपलीत ठेवले. धूर लागला तर बी टिकतं म्हणून. शेजारी गवऱ्यांची थप्पी. आता हे तिनं नवऱ्याला सांगायला नको होतं का? पण सांगणार कोणाला? पंजाबराव वर्षभर भिंतीकडं तोंड करून पडलेला. ताट सरकवलं तर जेवायचा, नाहीतर तेही नाही.

पेरणीच्या दिवशी शकुन पहाटेच वाफा भिजवायला गेली. परतली तर आश्चर्यच! पंजाबराव चुलीपुढं बसलेला, डोळे धुरानं लाल, आणि घंगाळात पाणी वाफाळत होतं.

"तुह्यासाठी तापवलं वं," तो म्हणाला. "एकटीच राबून राहिली तू. मी पाहतो ना. मोठ्या गवऱ्या पेटतच नव्हत्या, मंग त्या टोपलीतल्या बारक्या घातल्या. लय तडतडल्या, पण लागल्या बुवा."

शकुननं टोपली पाहिली. रिकामी होती.

ओरडावं, छाती बडवून घ्यावी असं वाटलं. पण वर्षभरानं माणूस उठला होता. तिनं ते पाणी अंगावर घेतलं, आणि न्हाणीत तोंडावर लुगड्याचा पदर दाबून रडली. माय वो, असा राग अन् अशी माया एकाच वेळी कोणाला येऊ नये.

तो तिच्यामागं वाफ्यावर आला. बी टोचायला आळी केली. मग हात पुढं करून म्हणाला, "मनोजच्या वाळकाचं बी आणलं ना?"

शकुननं शेजारच्या वाफ्यात काकडी लावणाऱ्या अनीसाभाभीकडं पाहिलं. भाभी काय समजायचं ते समजली. तिनं आपल्या काकडीच्या बिया हळूच शकुनच्या मुठीत सरकवल्या.

"हे काय, आणलं," शकुन म्हणाली.

पंजाबरावनं एकेक बी असं लावलं, जसं झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं. रोज पाणी घातलं. बोलू लागला, जेवू लागला. शकुनला मात्र घोर लागला. फळ धरलं की काय सांगायचं?

फळं धरली. लांब, सडपातळ, हिरवीगार. वाळूक कुठं, काकडी कुठं! आंधळ्यालाही हातानं कळावं. पंजाबरावनं पहिली काकडी तोडली, बुक्कीनं फोडली, अर्धी शकुनला दिली. कितीतरी वेळ चावत राहिला.

"ते तडतडत होतं ना वं," तो हळूच म्हणाला, "तवाच मले समजाले पाहिजे होतं. समजलं ते वेल पसरले तवा."

शकुनच्या आता ध्यानात आलं. म्हणजे याला कधीचं कळलं होतं!

"मंग बोलले काहून नाही?"

"तू बोलली काय?"

दोघंही वाफ्यात बसून रडले, मनोज गेल्यापासून पहिल्यांदा एकमेकांसमोर. मग पंजाबराव उठला. डोक्याच्या रुमालाची चिंधी फाडून त्यानं एका काकडीच्या देठाला बांधली.

"हे तोडजो नोको," तो म्हणाला. "बियाले ठेवू."