दोन माणसांचा भार

सुयोगने जॅकची कळ सैल केली आणि गाडीचे नाक संथपणे खाली आले. नव्या स्प्रिंगांनी वजन अंगावर घेतले, चाके किंचित फाकली आणि स्थिरावली. साडेतीन महिने पुढची सगळी बांधणी त्याने एकट्याने केली होती. चाकांना धरून ठेवणारे, गंजून एकजीव झालेले आर्म ताव देऊन सोडवले होते, बूश केसाकेसाने घासून बसवले होते, त्यांतली रबरे बदलली होती. आता आर्मचे चार नट तेवढे आवळायचे राहिले होते.

जॅक खाली कशाला घेतला, असे राजवर्धनांनी विचारले. इंदापूरला हमरस्त्यालगत त्यांचे नवे हॉटेल उभे राहत होते. ही जुनी, दोन आसनांची, गडद हिरवी स्पोर्ट्‌स कार त्याच्या दारात काचेच्या खोलीत कायमची ठेवायची होती. चबुतरा बांधूनही झाला होता. त्यांचे वडील हिंदुराव याला नको म्हणाले नव्हते. मात्र दर आठवड्याला ते कळसहून जळोचीच्या या गॅरेजात येऊन बसत आणि गाडी रस्त्यावर कधी येणार, एवढेच विचारत. आजही ते दाराशी लोखंडी खुर्चीत बसले होते.

सुयोगला बोलणे जड जाई. हातात पाना असला की मात्र तो अडखळत नसे. चाके अधांतरी असताना नट आवळले तर रबरे त्याच स्थितीत पकडली जातात आणि गाडी चालू लागली की पिळवटून फाटतात, असे त्याने सांगितले. गाडी जमिनीवर हवी, चालवणारे माणूस आत हवे आणि शेजारचेही.

"चालवणार कोण हाय?" राजवर्धन म्हणाले. "आबांना समोरची म्हैस दिसत न्हाय."

"म्हैस दिसती," खुर्चीतून हिंदुराव म्हणाले. "शिंगं दिसत न्हाईत."

सुयोग हसला नाही. "काचंत ठेवा न्हाईतर घाटात न्या," तो म्हणाला, "माझ्या हातनं चालती गाडीच जाईल. नट अधांतरीच आवळायचं असतील तर हा घ्या पाना."

राजवर्धनांनी पाना घेतला नाही.

हिंदुराव उठले. सुयोगने अदबीने उजवे दार उघडून धरले. आतल्या कातड्याने बेचाळीस वर्षांत त्यांच्या अंगाचा आकार घेतला होता. हिंदुरावांनी दारावर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग बॉनेटवरून हात फिरवीत, वळसा घालून ते डाव्या दाराशी गेले आणि शेजारच्या आसनावर बसले.

"संजीवनी," त्यांनी हाक मारली. "ये. ष्टेरिंगला बस."

संजीवनी त्यांची सून, राजवर्धनांची बायको. अकरा वर्षे ती डाळिंबांचे क्रेट पिकअपमध्ये भरून स्वतः इंदापूरच्या बाजारात नेत होती. हिंदुरावांनाही तिनेच आणले होते. दाराबाहेर पिकअपवरची दोरी ताणता ताणता तिने नवऱ्याकडे पाहिले. ते फोनमध्ये डोके घालून उभे होते. तिने चपला बाहेर काढल्या आणि आत बसली.

पाय पोहोचेनात. तिने आसनाखाली हात घालून कडी चाचपली. आसन कुरकुरले, अडले आणि चार बोटे पुढे सरकले. हिंदुराव समोर पाहत राहिले.

सुयोग गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. पहिला नट बसला, दुसरा बसला. वर हिंदुराव क्लच हळू सोडायला सांगत होते.

"पिकअपचा ह्याच्यापरीस जड हाय, आबा," ती म्हणत होती.

खड्ड्याच्या काठापलीकडे राजवर्धनांचे बूट दिसत होते. तिसऱ्या नटापर्यंत ते जागचे हलले नाहीत. चौथा आवळताना ते वळले आणि उजव्या दारापाशी येऊन थांबले.

"सुयोग," वरून त्यांचा आवाज आला, "बाहेरनं एक आरसा बसव इकडं. हिला मागचं दिसाया पायजे."