वर केलेला हात

नवऱ्याच्या या छंदाचा नियम असा, की चिलखत घालून लढताना जो पडला तो बाद. डाव संपेपर्यंत त्याने तिथेच पडून राहायचं. मग हा नियमाने पडलाय की खरंच लागलंय, हे कठड्याबाहेर आठ महिन्यांची लेक कडेवर घेऊन उभ्या असलेल्या मला कसं कळणार? म्हणून या वेळी त्याच्याकडून कबूलच करून घेतलं, “पडलास आणि धड असलास, तर हात वर करायचा.”

तो पडला. इमानदारीत हात वर केला. माझ्या जिवात जीव येतो न येतो, तोच पंचांनी लढत थांबवली आणि डॉक्टर आत धावले. वर केलेला हात म्हणजे ‘मदत हवी’, हे नवरोबा साफ विसरले होते! जिंकत आलेला डाव पुन्हा खेळावा लागला आणि त्याचा संघ हरला.

“वहिनी, पुढच्या वेळी तुम्हीच उतरा,” संघाचा कप्तान मला म्हणाला.

नवऱ्याने शिरस्त्राण काढलं. “झालं समाधान?”

“नाही,” मी चिडून म्हणाले. “पाय हलवायला तर बंदी नाही ना?”