उचलता न येणारी जागा

ताईचं लग्न बोटीवर करायचं ठरलं. अगदी पक्कं ठरलं, बोट चालवणाऱ्या सारंगाने बाबांच्या हातात हात दिला आणि आईला आनंदाने उचकी लागली. आता हे तुम्हाला माहीतच नाही असं समजून पुढे वाचा. त्या वेळी आम्हालाही माहीत नव्हतं.

आमचा धंदा सामान हलवण्याचा. लोक घर बदलतात, आम्ही त्यांची कपाटं, पलंग आणि "जपून हं, आजीचं आहे" असं सांगून हातात दिलेली प्रत्येक वस्तू इथून उचलून तिथे ठेवतो. धंदा बाबांचा, ट्रक बाबांचा, पाठदुखी माझी.

बाबांना बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. मावसभावाच्या लग्नाच्या फोटोंत ते आहेत, पण कुठे नुसतं कोपर, कुठे टेबलाखालून दिसणारे पाय. एका फोटोत नवरा-नवरीच्या मागून एक सोफा चाललाय. त्याच्याखाली तेच आहेत, असं आई खात्रीने सांगते.

म्हणून ताईने जाहीर केलं, "हॉल कसाही चालेल. फक्त माझ्या लग्नात बाबा माझ्यासमोर बसलेले हवेत. रिकाम्या हातांनी."

"एवढंच ना?" होणारे भावोजी म्हणाले. ते चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतात, त्यामुळे आपल्याला सगळं स्पष्ट दिसतं असा त्यांचा समज आहे.

"तुम्ही नवीन आहात," आई म्हणाली.

पहिल्या हॉलचा मॅनेजर आम्हाला झुंबर दाखवत होता. बाबा दार बघत होते.

"कपाट आडवं करावं लागेल," ते म्हणाले.

"कुठलं कपाट?" मॅनेजरने विचारलं.

"कुठलंही."

झुंबराचं कौतुक संपवून मॅनेजर वळला, तोवर हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचून झाल्या होत्या आणि बाबा शेवटच्या चळतीला समाधानाने थोपटत होते. मॅनेजरने त्यांना तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. बाबा विचार करायला लागले, तेव्हा आईने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

मग एक बाग पाहिली. बागेत खुर्च्या नव्हत्या, आम्ही खूश. माळीकाकांशी बोलून मागे बघतो तर बाबांनी सगळ्या कुंड्या उन्हात नेऊन ठेवलेल्या.

"अहो, ती सावलीतली झाडं आहेत!" माळीकाका ओरडले.

बाबांनी सगळ्या कुंड्या परत आणल्या. त्यांची सकाळ फार छान गेली.

"तुम्हालाच कुठेतरी बांधून ठेवू का?" आईने विचारलं.

"दोर ट्रकमध्ये आहे," बाबा म्हणाले. मदतीला ते कधी नाही म्हणत नाहीत.

यावर ताई हसली नाही. माझ्या विनोदांवर ती हसत नाही ते ठीक आहे, पण बाबांच्या बोलण्यावर हमखास हसते. घरी येताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "राहू दे बारक्या. नाही जमायचं ते. फोटोत कोपर तरी येईल." पुढच्या सगळ्या रस्त्यात मी एकही विनोद केला नाही. माझ्या बाबतीत ही घटना दुर्मीळ आहे.

पुढच्याच आठवड्यात मला नदीपलीकडे एक फ्रिज पोचवायचा होता. ट्रक बोटीत चढवला, वरच्या मजल्यावर गेलो आणि टेकायला बाक जरा पुढे ओढला. आला नाही. दुसरा ओढला. तोही नाही. वाकून बघितलं, तर प्रत्येक पायाला जाडजूड बोल्ट! बोट हेलकावली की बाक घसरू नयेत म्हणून सगळे जमिनीला आवळून टाकलेले. टेबलं, कचऱ्याचा डबा, पाण्याची टाकी, सगळं!

मी आनंदाने किंकाळी फोडली. शेजारच्या बाईंनी शांतपणे लाइफ जॅकेट चढवलं.

ताईला फोन लावला. "ताई! इथलं काहीच उचलता येत नाही!"

"मग दुसऱ्या कोणाला तरी बोलाव. एकट्याने फ्रिज उचलू नकोस."

"फ्रिज नाही गं, हॉल! तुझा हॉल सापडला, आणि तो तरंगतोय!"

रविवारी सगळी वरात बोटीवर. सारंग आई-भावोजींना डेक दाखवायला लागला. बाबा सरळ पहिल्या बाकाशी गेले, दोन्ही हातांनी कड पकडली, "हुप्प!" केलं. बाक ढिम्म. दुसऱ्या टोकाला गेले, "हुप्प!" काही नाही. टेबल झालं, डबा झाला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. भावोजींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"काका," सारंग म्हणाला, "ते बोटीबरोबरच येतात."

बाबांनी हात झटकले, इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरा काही इलाजच न उरल्यामुळे बसले. आईला उचकी लागली ती इथेच.

ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "कसं वाटतंय?"

"वाईट," बाबा म्हणाले. "बसलं की तू जाणार हे आठवतं. उचलताना आठवत नाही."

ताईने त्यांचा रिकामा हात धरला. "मग इथेच. ठरलं." मी दुसऱ्यांदा किंकाळी फोडली. बाबांनी सारंगाशी हात मिळवला, भावोजींनी मला मिठी मारली, आणि आई उचक्यांमधून एवढंच म्हणू शकली, "बसले गं बाई, बसले!"

एवढ्यात बाबांची नजर बोटीच्या टोकाकडे गेली.

"तो नांगर," ते हळूच म्हणाले, "तो काही बोल्ट मारलेला दिसत नाही. वजन किती असेल हो त्याचं?"

तरी माननीय बंदर अधिकारी यांना या अर्जाद्वारे नम्र विनंती की, विवाहाच्या दिवशी बोट किनारा सोडल्यापासून परत किनाऱ्याला लागेपर्यंत आमच्या वडिलांची गणना सदर बोटीच्या कायमस्वरूपी बसवलेल्या भागांमध्ये करण्यात यावी, व आपल्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांना कोणीही, विशेषतः त्यांनी स्वतः, जागेवरून हलवू नये.