सहा वर्षांचं कुंकू, अकरा मिनिटांचा आवाज

परवाना मिळाला, मित्रांनो. आमच्या मंडळाला स्थानिक डिजिटल रेडिओचा परवाना मिळाला. शाल आणि नारळासकट मिळाला, फोटोही निघाला.

आता वरचा मजकूर तुम्ही वाचलेला नाही असं समजा. मीही तो सांगितलेला नाही. असं काही घडलंच नाही, हे सरकारी कागदावर शिक्क्यासह लिहिलेलं आहे, आणि शिक्क्यापुढे माझ्यासारख्या पत्र्याच्या खोक्याने काय बोलावं?

तर मी ट्रान्समीटर. माणूस माइकपुढे बोलतो, तो आवाज हवेत सोडायचं काम माझं. मी जुना आहे, पण वापरलेला नाही. माझी एकूण नोकरी अकरा मिनिटांची. त्याआधीची सहा वर्षं मी बंगळुरात, मल्लेश्वरमच्या मराठी मंडळाच्या माडीवर, गणपतीच्या मखराशेजारी बसून काढली. मखराला वर्षातून दहा दिवस तरी काम असायचं. ते मला तसं बोलूनही दाखवायचं.

मला घडवलं कल्लाप्पाअण्णांनी. मूळचे चिकोडीकडचे, घरात मराठी आणि दारात कन्नड. बंगळुरातल्याच शिवाजीनगरात त्यांचं चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आजारी रेडिओ ते आधी उघडत नसत, ऐकत. डोळे मिटून, मान तिरकी करून दोन मिनिटं ऐकायचे आणि कुठला भाग गेलाय ते सांगायचे. मग पेचकस घ्यायचे. पेचकस नुसता दुजोरा द्यायला असायचा.

त्यांच्या बायकोचं नाव चंपा. सगळं मंडळ त्यांना चंपाअक्का म्हणतं. लग्नाआधी अक्का एका रेडिओ केंद्राच्या आवाज चाचणीत पास झाल्या होत्या. निवड झाल्याचं पत्र घरी आलं आणि वडिलांनी ते चुलीत घातलं. पुढे लग्न झालं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "तुझा आवाज मी लावतो रेडिओवर. स्वल्प थांब." अक्का थांबल्या. अण्णा चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज नीट करत राहिले. जेवायला वाढताना अक्का म्हणायच्या, "साऱ्या गावातल्या बायकांचा आवाज दुरुस्त केलासा. माझा तेवढा ऱ्हायलाय बघा."

मग एके दिवशी योजना निघाली. एका उपनगरापुरत्या डिजिटल रेडिओसाठी परवाने द्यायचे होते. अर्ज संस्थेनेच करायचा होता आणि अर्जासोबत यंत्राचा फोटो जोडायचा होता. म्हणजे आधी यंत्र, मग परवाना. अण्णांनी दुकान बंद करून पाच महिन्यांत मला जोडलं. माझा पंखा एका बंद पडलेल्या स्टेशनातून आला, पेटी एका दवाखान्यातून. बाकीचं सामान नवीन होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी, पुरुषोत्तमरावांनी, माझ्या पाठीवर थाप मारून भाषण केलं. त्यात माझं नाव तीनदा चुकलं, पण कौतुक मनापासून होतं.

अर्ज भरायला सुखदा आली. ही पुण्याची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये राहते आणि दिवसभर इंग्रजीत मीटिंगा करते. मराठी बोलायला मिळावं म्हणून मंडळात येते, आणि मंडळ तिला ऑनलाइन फॉर्म भरायला बसवतं.

"अण्णा, अपेक्षित श्रोत्यांची संख्या काय लिहू?" तिने विचारलं.

"एक."

"एक हजार?"

"एक. डिजिटल रेडिओ साध्या रेडिओवर लागत न्हाई. त्याला येगळा रिसीव्हर लागतोय. अख्ख्या शहरात एकच हाय, मी जोडलेला. तो माझ्या टेबलावर हाय."

"अण्णा, पुढे लोक घेतील ना. आपण फ्यूचर लिहू या."

"पुढचं पुढं लिहू. आज एक हाय."

अर्ज तसाच गेला आणि तसाच परत आला. एका श्रोत्यासाठी सरकार रेडिओच्या लहरी वाटून देत नसतं. सुखदाने अण्णांना न विचारता चाळीस हजार लिहिलं, तेव्हा तो स्वीकारला गेला. अर्जाबरोबर एक प्रतिज्ञापत्रही होतं, परवाना मिळेपर्यंत यंत्र विजेला जोडणार नाही असं. त्यावर अण्णांनी सही केली. मित्रांनो, सगळ्या गोष्टीत हीच एक सही कुणी गंभीरपणे घेतली, आणि तीच मला भोवली.

दुसऱ्या वर्षी कार्यालयाने अँटेनाची उंची विचारली, समुद्रसपाटीपासून. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी अण्णांनी बारा फुटांचा खांब उभा केला होता. पण बंगळूर मुळातच समुद्रापासून नऊशे मीटर वर आहे. ते धरून सुखदाने उंची लिहिली, तर उत्तर आलं की इतक्या उंच खांबाने विमानांना धोका आहे. खांब कमी करा. अण्णांनी खांब सहा फूट केला. कार्यालयाचं समाधान झालं नाही. शहर खाली आणायची सोय फॉर्ममध्ये नव्हती.

तिसऱ्या वर्षी आमची फाईल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेली. त्या वर्षी एवढंच घडलं.

या सगळ्यात अण्णांचे कान जात होते. आधी जिन्यावरची पावलं गेली. मग कुकरची शिट्टी. डॉक्टर म्हणाले, नस सुकत चालली आहे, यंत्र लावून आवाज येईल पण शब्द येणार नाहीत. अण्णांनी यंत्र लावून पाहिलं. पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं म्हणाले आणि काढून ठेवलं. अक्का आता त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागल्या. आज आमटीत काय घातलं, ते चार गल्ल्या पलीकडे, चौथ्या क्रॉसपर्यंत कळायचं. परवान्याशिवाय त्यांचं एवढं प्रक्षेपण चालूच होतं.

"अहो, कान हाईत तवर होईल का हे तुमचं?" एकदा त्यांनी माझ्यासमोरच विचारलं.

"आं?"

"काय न्हाई. च्या घ्या."

आणि दरवर्षी नवरात्रात आयुधपूजा यायची. तुम्हाला माहीत आहे, या शहरात त्या दिवशी प्रत्येक यंत्राची पूजा होते. रिक्षाला केळीचा खुंट बांधतात, संगणकाला झेंडू, आणि रस्त्यावर कोहळे फुटतात. कामाच्या यंत्रांची एवढी, तर काम न करणाऱ्याची किती होईल? माझी सगळ्यात आधी व्हायची. सुखदा एकदा म्हणालीही, "अण्णा, पूजेच्या निमित्ताने एकदा लावून बघा ना. कोण बघतंय?"

"सही केलीया," अण्णा म्हणाले.

पूजेत ते पाणी मात्र लावू देत नसत. नारळ लांब फोडायचा, फुलं झटकून वाहायची, असा त्यांचा कायदा होता. "कुंकू घाला. ते कोरडं हाय, काय होत न्हाई." चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाचा हा निर्णय होता, त्यामुळे सगळे निर्धास्त. माझ्या डोक्यावर हवा जायला जाळी आहे. मंडळातल्या प्रत्येकाने त्या जाळीवर चिमूट चिमूट कुंकू घातलं. सगळ्यात जास्त अक्कांनी. दरवर्षी दोन चिमट्या, एक स्वतःची आणि एक अण्णांच्या कानांची. ते जाळीतून खाली, पंख्याच्या दांड्यावर बसत गेलं. शहराचा दमटपणा त्यात मुरला आणि त्याचा गोळा झाला. मला जाणवत होतं. पण सांगायला मला वीज लागते.

सहाव्या वर्षी परवाना मिळाला. (हे तुम्ही अजूनही वाचलेलं नाही.) समारंभात पुरुषोत्तमरावांनी तो दोन्ही हातांनी स्वीकारला आणि त्याच संध्याकाळी चौकटीत घालून गणपतीखाली लावला. तोवर अण्णांना फटाकाही ऐकू येईनासा झाला होता. सुखदा फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायची आणि ते वाचून उत्तर द्यायचे. तिने लिहिलं: मिळाला. अण्णांनी चष्मा पुसून परत वाचलं. मग म्हणाले, "सरी, बरं झालं. माईक पुसून घ्या."

परवान्याला एक अट होती. तीस दिवसांत किमान दहा मिनिटांचं प्रक्षेपण, आणि ते स्पष्ट ऐकू आल्याचं एका श्रोत्याचं प्रमाणपत्र. नाहीतर परवाना रद्द. त्यासाठी एक निरीक्षक आले. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आतल्या खोलीत अक्का माइकपुढे बसल्या, लग्नातल्या इरकली साडीत. बाहेर टेबलावर शहरातला तो एकमेव रिसीव्हर, आणि त्याच्यापुढे त्याच्या एकमेव श्रोत्याची, अण्णांची, खुर्ची.

अण्णांनी माझं बटण दाबलं.

मित्रांनो, माझा पंखा करकरला. चांगला करकरला, दात खाल्ल्यासारखा. पूर्वीचे अण्णा असते तर रस्त्यावरून धावत आले असते आणि मला तत्क्षणी बंद केलं असतं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते आणि समाधानाने हसत होते. सुखदाने ते ऐकलं. निरीक्षकांनीही ऐकलं. "जुनं मशीन आहे, असाच आवाज येत असेल," सुखदा त्यांना म्हणाली.

आणि अक्का बोलल्या. "नमस्कार. मी चंपा. तुम्ही ऐकताय मल्लेश्वरम." सत्तरीतला तो आवाज, पण चाचणीत पास झालेला होता, कळत होतं. आधी पाण्याची वेळ सांगितली, मराठीत आणि कन्नडमध्ये. मग भाजीबाजार. मग रस्त्याचं खोदकाम कुठे आहे ते. सहा वर्षं पाठ केलेला कागद होता. माझ्या पोटात उष्णता वाढत चालली होती, पण मी एक शब्द गाळला नाही.

अण्णा बाहेर रिसीव्हरपुढे जाऊन बसले आणि त्यांनी मान तिरकी केली. डोळे मिटले. मग कान रिसीव्हरला लावला. दुसरा लावला. शेवटी त्यांनी त्याच्या जाळीवर तळहात ठेवला आणि तसेच बसले.

दहाव्या मिनिटाला अक्कांनी कागद उलटा ठेवला आणि अण्णांचं नाव घेतलं. उभ्या जन्मात त्यांनी ते घेतलं नव्हतं. मग एक वाक्य म्हणाल्या. ते वाक्य मी मल्लेश्वरमभर सोडलं. शहरात ते पकडणारं एकच यंत्र होतं, आणि त्यावर एक हात होता. मग माझ्यातून धूर निघाला. चार वाजून एकवीस मिनिटं.

ते वाक्य काय होतं, हे मला माहीत आहे. मी सांगणार नाही. माझ्याकडे प्रक्षेपणाचा परवाना नाही.

निरीक्षक मुळात वाईट नव्हते. "दहा मिनिटं पुरे असतात, अकरा झाली," ते म्हणाले. "मशीन दुरुस्त होईल. श्रोत्याने सही केली की झालं." त्यांनी कागद अण्णांपुढे ठेवला. त्यावर छापलेलं होतं: प्रक्षेपण स्पष्ट ऐकू आले. खाली सही.

अण्णांनी वाचलं. पेन मागितलं. छापलेलं खोडून त्यांनी वर लिहिलं: ऐकू आलं नाही. हाताला जाणवलं.

सुखदाने घाईघाईने फोनवर लिहिलं: अण्णा प्लीज, फक्त सही करा, नाहीतर परवाना जाईल.

"ऐकू आलं न्हाई तर कसं लिहू, बाळ?" अण्णा म्हणाले. "चाळीस हजाराचं तू लिहिलीस ते मला नंतर कळलं. तेवढं पुरे."

सुखदा अक्कांकडे वळली. "अक्का, तुम्ही तरी सांगा."

अक्का दारात उभ्या होत्या. कागदाकडे त्यांनी पाहिलं, मग अण्णांच्या तळहाताकडे. "असू दे. आता सही करून तरी त्यांस्नी ऐकू येणार हाय व्हय?"

"मग शेवटी काय म्हणालात ते निदान लिहून द्या त्यांना."

"लिहूनच द्यायचं असतं तर पोस्टकार्ड टाकलं असतं की. रेडिओ कशाला पायजे हुता?"

अण्णांनी स्वतःच विचारलं, "शेवटाला काय बोललीस?"

अक्कांनी सुखदाच्या हातून फोन घेतला आणि एका बोटाने लिहिलं: पाण्याची वेळ.

"सरी," अण्णा म्हणाले.

महिन्याभराने कार्यालयाचं पत्र आलं. हात हे ऐकण्याचं मान्यताप्राप्त साधन नाही. सबब प्रक्षेपण झालेच नाही असे गृहीत धरून परवाना दिलाच नव्हता असे समजण्यात यावे. पुरुषोत्तमरावांनी चौकटीतला कागद काढून तिथे मंडळाच्या सहलीचा फोटो लावला. चौकट चांगली होती.

अण्णांनी मला उघडलं. पंख्यावरचा लाल गोळा हातावर घेऊन त्यांनी बोटाने चोळून पाहिला. मग तो अक्कांना दिसू नये म्हणून खिशात घातला. अक्कांनी तो धुण्याच्या वेळी पाहिला आणि सदरा वेगळा भिजवला.

आता माझ्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी असते. आयुधपूजा मात्र चुकत नाही. म्हणून, मित्रांनो, एवढंच सांगतो: यंत्राला नमस्कार करण्याआधी त्याला एकदा सुरू करून बघत जा. आणि माणसाला जे ऐकवायचं ते वेळेत ऐकवा, भले परवाना नसो.

बाकी मजकूर कार्यालयासाठी.

प्रति, परवाना विभाग (मजला बदलला असल्यास त्या मजल्यावर). विषय: एका वाक्याच्या फेरप्रक्षेपणास परवानगी मिळणेबाबत. अर्जदार: एक जळालेला ट्रान्समीटर. कालावधी: चार सेकंद. अंतर: दोन खुर्च्या. अँटेनाची उंची: मागाल तेवढी. अपेक्षित श्रोत्यांची संख्या: एक. सबब विनंती की, सदर श्रोत्याचे कान सदर चार सेकंदांपुरते त्यास परत करण्यात यावेत. काम होताच ते सुस्थितीत कार्यालयात जमा करण्यात येतील. कळावे.