बिनदाताच्या तोंडातले अकरा किडे

त्या वैशाखात शिरपूरच्या बाजारात कांद्याला कोणी विचारेना, मिरचीला कोणी हात लावेना. सगळा बाजार चिंचेखाली लोटला होता आणि एका पितळी परातीत डोकी खुपसून किडे मोजत होता.

परातीत पाणी होतं. पाण्यात दगड, दगडावर तापून लाल झालेला नांगराचा फाळ. बुवा झोळीतून तुपात मळलेली काळपट गोळी काढायचा, फाळावर टाकायचा आणि वर मडकं पालथं घालायचा. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात हातभर बोरूची नळी आणि नळीचं दुसरं टोक दुखणेकऱ्याच्या तोंडात. धूर असा उसळायचा की माणूस खोकून खोकून बेजार व्हायचा. मग बुवा मडकं उचलायचा आणि पाण्यावर पांढरे, वळलेले, बारीक किडे तरंगताना दिसायचे. चक्क वळवळायचेसुद्धा!

"पाहा, डोळे फाडून पाहा!" बुवा गरजायचा. "बारा वर्सं गुहेत, बारा वर्सं झाडावर, अन् बारा वर्सं गळाभर पान्यात उभं राहून हे विद्या कमावली! दाताची कीड, दाढेची कीड, कानाची कीड, सासूच्या जिभेची कीड, सारी नळीतून खाली!"

बुवा स्वतः तिशीचा दिसत होता. पण एवढी वर्षं तिशीत बसवली कशी, हे विचारायला शुद्धीवर होतं कोण? गावाने त्याचं नाव फुंकणीबुवा ठेवून टाकलं. गुलाबराव पाटलांच्या दाढेतून सकाळीच नऊ किडे पडले होते, त्यामुळे बुवाचा मुक्काम पाटलांच्या ओसरीवर आणि शिधा पाटलांच्या कोठारातून.

या गर्दीत सगळ्यांना कोपर मारत पुढे घुसली ती गोजराबाई माळीण. ओढ्याकाठी तिचा मळा. तिच्या वाफ्यातली वांग्याची रोपं न्यायला थेट रिसोडाहून गाड्या यायच्या. साठी उलटलेली, तोंडात औषधालाही दात नाही, पण जिभेची धार अशी की पाटीलसुद्धा वाट बदलून जात. अख्ख्या गावाला अक्कल शिकवणारी ही बाई बुवापुढे मात्र हात जोडून बसली. कारण तिच्या मांडीवर हेमला होती.

हेमला तिची अकरा महिन्यांची नात. खालचे दोन दात आलेले, वरचे येऊ घातलेले, आणि कालपासून हगवण थांबायचं नाव नाही. परवापर्यंत वाफ्यांतून रांगत, हाती लागेल ते तोंडात घालत, बदकन बसत, टाळ्या पिटत फिरणारी पोर आता मान टाकून पडली होती.

बुवाने नळी पोरीच्या ओठाला लावली. पोर गुदमरली, किंचाळली. परातीत सात किडे निघाले.

"माय, कीड दात पोखरून पोटात उतरून राह्यली," बुवा म्हणाला. "कीड जगते कायच्यावर? पान्यावर अन् दुधावर! तीन दिवस पान्याचा थेंब देऊ नको, आईचं दूध तोडून टाक. कीड तहानेनं मरते."

कीड मरते हे बरोबरच होतं म्हणा. तीन दिवस पाणी तोडलं तर हत्तीही मरेल. पण गोजराबाईने सात किडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. घरी आल्यावर सून रामीने पोरीला छातीशी घेतलं, तर हिने पोर ओढून घेतली.

"लेकराले मारतं काय वं? कीड पोसून राह्यली तू!"

"आत्याबाई, ओठ वाळले तिचे. घोटभर पाजू द्या!"

"बुवाहून शहानी झाली काय?"

नवरा जगदेव उंबऱ्यात मुंडाशाचं टोक चघळत उभा राहिला. आईपुढे तोंड उघडायची त्याची टाप नव्हती. बापड्याला ती सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई नेहमीसारखी नातीची टाळू भरायला बसली. बोटाने तेल सोडलं, तर ते पसरेना. टाळूत एवढा खळगा पडला होता की पणतीत साचावं तसं तेल त्यात साचून राहिलं. पोर रडली, पण डोळ्यांत टिपूस नाही. गोजराबाईने तेलाची वाटी तिथेच टाकली. धावत बुवाकडे गेली, तर तो म्हणाला, "कीड टाळूले पोचली. आता त पान्याचं नावच काढू नको!"

ती परतली तेव्हा ओसरीवर गोमतीबाई बसल्या होत्या. दवाखान्याच्या नर्सबाई त्या. पंधरवड्यातून एकदा बैलांच्या दमणीतून गावोगाव फिरायच्या. आज बाहेर दमणीचा आवाज आल्याबरोबर रामीने डोक्यावरचा पदर सांभाळायचंही भान न ठेवता रस्त्यात धाव घेतली होती आणि बैल अडवले होते.

गोमतीबाईंनी हेमलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"शेवटची मुतली केव्हा?"

"काल दोपारी," रामी हुंदके देत म्हणाली.

"आजी, पोर वाळून राहिली आहे. हगवणीतून अंगातलं पाणी गेलं आणि वरून तुम्ही थेंब दिला नाही. टाळू कीड खात नाही, पाणी कमी पडलं की ती बसते. आत्ता पाजायला हवं. नाहीतर उद्याचा दिवस ही काढायची नाही."

"अन् कीड?" गोजराबाई उसळली. "सात निंगाली! ह्या डोळ्यानं मोजली म्या!"

"दात किती आहेत हिला?"

"दोन."

"दोन दाण्यांएवढ्या दातांत सात किडे राहत होते? भाड्याने काय?"

हा टोमणा गोजराबाईला अजिबात सोसला नाही. "बुवा खरा हाय! खऱ्या बुवाले बरोबर समजते. आता माह्या तोंडात दात हाय काय? नाई. मंग माह्या तोंडातून एकबी कीड निंगनार नाई. निंगाली, त तुमी म्हनसान तसं पाजा पोरीले!"

"ठरलं," गोमतीबाई ताडकन उठल्या. "रामी, चूल पेटव. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजव, पातळ पेज कर, चिमूटभर मीठ टाक. आजी, चला. पळत चला."

चिंचेखाली आज गर्दी कालच्याहून जास्त. गोजराबाईने पदर तोंडावर ओढून घेतला आणि कण्हायला लागली.

"मेली रे बाप्पा! दाढ ठनकून राह्यली!"

बुवाने पदराकडे एक नजर टाकली. "वरची डावी. मले लांबूनच दिसली."

गोळी पडली, धूर उसळला. पदराआड नळी तोंडात धरून म्हातारीने धूर सोसला. बुवाने मडकं उचललं आणि एकेक कीड मोजत ओरडला, "अकरा! अरे, दाढ हाय का वारूळ! पुरी पोखरली व माय!"

गोजराबाईने पदर खाली घेतला आणि आ वासला. आतून गुलाबी हिरड्या तेवढ्या चमकल्या.

"दाखव रे बाप्पा. कोनती पोखरली?"

गर्दीत अशी खसखस पिकली की चिंचेवरचे कावळे उडाले. पण बुवा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "हसू नका! दात गेले, कीड मागं राह्यली. बारा वर्सं उपाशी होती बिचारी!" लोक हसायचे थांबले. दोघा-तिघांनी तर मानाही डोलावल्या. धन्य ती गर्दी!

गोजराबाईचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. तिने परातीत हात घातला आणि दोन किडे तळव्यावर घेऊन डोळ्यांशी नेले. काल तिने किडे नुसते मोजले होते, आज पहिल्यांदा पाहिले. पांढरा, वळलेला जीव. त्याला ना डोकं, ना तोंड. एक टोक निमुळतं आणि दुसरं फाटून दोन झालेलं. असे लाखो जीव तिने उभ्या जन्मात वाफ्यांवर वाकून पाहिले होते.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "हा त कोंब हाय."

मग तिने तापल्या फाळावरची काजळी काडीने खरवडली. काडीला फुटलेल्या बियांची टरफलं चिकटून आली. बुवा झोळीवर झेपावला, पण म्हातारी आधीच झोळीवर बसली होती. आतून तिने मूठभर वाळकी पिवळी फळं काढली. काटेरी देठांची, बोराएवढी.

"भुईरिंगनी! वांग्याचीच जात. रस्त्याच्या कडेनं पसरते ते. अन् ह्या मेल्यानं मले, माळनीले, बी दाखवून फसवलं!" तिचा आवाज फाटला. "नर्सबाई, तुमी धावा! पाजा पोरीले! ह्याचं मी पाहून घेते!"

गोमतीबाई धावल्या. जाताना कुणाला तरी धडकल्या, पण थांबल्या नाहीत.

गोजराबाईने लुगडं खोचलं. "पाटील, जोडा काढा."

"माहा जोडा? कायले?"

"काढा म्हनते ना!"

गुलाबरावांचा करकरीत जोडा तिने दगडावर ठेवला आणि नळीचं टोक त्यात खुपसलं. तापवलेला फाळ पुन्हा परातीत आला. बुवाचीच गोळी, बुवाचंच मडकं. जोडा धुराने भरला. मडकं उचललं आणि गर्दीने एका आवाजात मोजलं, "चवदा!"

"पाटील, तुमच्याहून तुमच्या जोड्याची दाढ लय किडली हो!"

बुवाने शेवटचा प्रयत्न केला. "जोडा बैलाच्या कातड्याचा हाय! बैलाले काय दाढ नसते?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. बुवाला कोणी मारलं नाही. हसून हसून कोणाच्या हातात जोरच उरला नव्हता. गोजराबाई ओरडून सांगत होती, "तव्यावर लाही फुटते तसं गोळीतलं बी फुटते, आतला कोंब पान्यात पडते अन् फुगते. पानी गरम, म्हनून हालते. तोंडातून काईच येत नाई. नळी असो नसो, कोंब मडक्याच्या खालीच पडते!" हसणाऱ्या लोकांतून वाट काढत बुवा सटकला. परात तिथेच राहिली.

म्हातारी मात्र हसली नाही. ती धापा टाकत घरी आली. गोमतीबाई मांडी घालून बसल्या होत्या. लहान चमच्याने पेज, मग थांबणं, मग पुन्हा चमचा. मध्येच पोर रामीच्या पदराखाली. आधी ओढायलाही तिच्यात बळ नव्हतं. एकदा सगळं ओकली.

"ओकू द्या. थोडं थांबायचं, पुन्हा चमचा," गोमतीबाई म्हणाल्या. "आजी, दात येण्याच्या वयात हिरड्या शिवशिवतात. लेकरू रांगायला लागलेलं असतं, दिसेल ते तोंडात घालतं. माती, शेण, खुरप्याची मूठ. त्यातून घाण पोटात जाते. दात आणि हगवण एकाच वयात येतात, म्हणून दोष दातांना. पाणी उकळून द्या, हात धुवा आणि दूध कधी तोडू नका."

गोजराबाई सुनेकडे न बघता म्हणाली, "म्या पाजू देल्लं नाई. माह्या हातानं मारत होती म्या तिले." रामीने दुसरा चमचा सासूच्या हातात दिला.

दुपार उतरली. चमचा, थांबा, चमचा. टाळूचा खळगा बोटाला जरा उथळ लागायला लागला. पोरीने डोळे उघडून आजीच्या नाकाला हात घातला. आणि एकदम गोजराबाईच्या मांडीवर ऊन ऊन धार लागली.

"मुतली!" म्हातारी किंचाळली. "अवो बाई, मुतली माही पोट्टी!" जगदेव मळ्यातून धावत आला. नवं लुगडं भिजलं म्हणून कधी नव्हे ती एक बाई आनंदाने रडत होती.

पुढच्या बाजाराला गोजराबाई हेमलाला कडेवर घेऊन त्याच चिंचेखाली उभी राहिली. बायका चमत्काराची गोष्ट ऐकायला जमल्या. तिने गोष्ट सांगितली, जोड्याची दाढही सांगितली, सगळ्यांना पोट धरून हसवलं. आणि मग आवाज चढवून म्हणाली, "बायांनो, कीड दिसली म्हनून भुलू नका, ते कुठून आली ते इचारा. अन् लेकराले हगवण लागली त पानी पाजा, दूध पाजा. बुवानं नाई म्हनलं तरी पाजा, पाटलानं नाई म्हनलं तरी पाजा. अन् घरातल्या बुढीनं नाई म्हनलं त तिले उचलून बाहेर बसवा अन् पाजा. माह्या सुनेले हे न शिकता समजलं होतं. मले साठ वर्सं लागली."