अकरा गाईंचं गवत

जेफच्या अकरा गाई होत्या. त्या हिवाळ्यात त्या राहणार की जाणार, हे एका बारा एकरांच्या कुरणावर ठरायचं होतं.

आम्ही जेफच्या शेतावरच्या कॉटेजमध्ये भाड्याने राहायचो. रॉयस्टन स्टेशनपासून गाडीने बारा मिनिटं. शशी, माझा नवरा, तिथून ट्रेनने केंब्रिजला लॅबमध्ये जायचा. दिया तेव्हा अडीच वर्षांची होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाई दिसायच्या आणि दिया आकडे शिकली ती त्यांच्यावरच, त्यामुळे तिचे आकडे अकराला संपायचे. बारा म्हणून काही असतं हे तिला पटत नसे.

जेफ अडुसष्टचा. त्याची छाती गवतानेच खराब केली होती. ओलसर गवत बांधून ठेवलं की ते आतून तापतं, त्याला बुरशी धरते, आणि हिवाळ्यात गठ्ठा सोडला की ती बुरशी पिठासारखी उडते. पन्नास वर्षं ते पीठ आत घेऊन झाल्यावर त्या जानेवारीत तो दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये होता. छातीच्या डॉक्टरने सरळ सांगितलं, आणखी एक असा हिवाळा काढलास तर पुढचे सगळे ऑक्सिजनच्या नळीवर. त्याच्या बायकोने, मॉरीनने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं: या वर्षी गवत कोरडं आत आलं तर गाई ठेवायच्या, जितक्यांना पुरेल तितक्या. बाकीच्या सप्टेंबरात विकायच्या. बाहेरून गवत आणायचं नाही. ते कुणी कसं वाळवलं, कोणाला माहीत?

हे २००८ सालचं. त्या उन्हाळ्यात ऊन यायचं ते दारातूनच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखं. सकाळी निळं आकाश, दहाला ढग, अकराला सर, बाराला पुन्हा ऊन, जसं काही झालंच नाही. माझ्या सासूबाई स्टॅनमोरहून आठवडाभर दियाला बघायला आल्या होत्या. त्या दोरीवरचे कपडे तिसऱ्यांदा आत आणत म्हणाल्या, "चौतीस वर्षं बघतेय मी ह्या देशाचं वेदर. दोरीवर नजर ठेवून असतं."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रेडिओने चार कोरडे दिवस सांगितले. सोमवारी गवत कापलं. मंगळवारी आणि बुधवारी यंत्राने उलटंपालटं केलं, गुरुवारी सकाळी ओळीत ओढून ठेवलं. गुरुवारी दुपारी एक वाजता कॉलिन बेलर घेऊन येणार होता. बेलर म्हणजे गवताचे मोठे गोल गठ्ठे बांधणारं यंत्र. जेफने आपलं यंत्र दोन वर्षांपूर्वीच विकलं होतं, आता तो कॉलिनला बोलवायचा. आणि गुरुवारी संध्याकाळनंतर पाऊस.

साडेबाराला मी दियाला झोपवून कपडे वाळत घालायला बाहेर आले, तर जेफने फाटकापाशी घडीची खुर्ची टाकली होती. पांढरा मास्क हनुवटीखाली ओढलेला. आत कुरणात जायला त्याला बंदी होती.

"आश," तो म्हणाला. आश्लेषा त्याला जमत नसे. "तुझ्याकडे काचेची बरणी आहे? आणि मीठ?"

"आहे. कशाला?"

"पूर्वी मी मूठभर गवत पिळून सांगायचो. आता मॉरीनला कळलं की मी आत पाऊल टाकलं, तर मला मारायला बुरशीची गरज पडायची नाही."

मॉरीन त्या दिवशी नॉर्विचला बहिणीकडे गेली होती, पण तिच्या बंदीला सुट्टी नव्हती.

त्याने सांगितलं ते त्याच्या वडिलांच्या वेळचं होतं. पाच ठिकाणचं गवत घ्यायचं, ओळीच्या तळातलं. कात्रीने बारीक कापायचं. कोरड्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरायचं, वर चमचाभर मीठ, झाकण लावून दोन मिनिटं हलवायची. मीठ काचेला चिकटलं तर गवत ओलं. सुटं राहिलं तर बांधायला तयार.

"तुमच्याकडे मीठ नाही?"

"हॉस्पिटलने बंद केलंय. त्याऐवजी एक पावडर आहे. ती घातली की अंडं अंड्यासारखं लागत नाही आणि मिठासारखंही नाही."

मी घरी येऊन लोणच्याची रिकामी बरणी धुतली, पुसली, आणि पुसूनही खात्री वाटेना म्हणून दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवली. कात्रीसुद्धा पुसली. मग ओट्यावरच्या चिनीमातीच्या सटातून चमचाभर मीठ घेतलं.

पाच ठिकाणचं गवत मी वाकून वाकून गोळा केलं. हाताला ते कोरडं लागत होतं, पण माझ्या हाताला काय कळतं, असं मला वाटलं. बरणी हलवली. मीठ काचेला चिकटलं, बारीक बारीक, वरपर्यंत.

जेफने बरणी उन्हात धरून बघितली. बराच वेळ बघितली.

"ओलं आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात कॉलिन आला. ट्रॅक्टर चालूच ठेवून उतरला, एका ओळीतलं गवत उचलून पिळलं, वास घेतला. "मला तर ठीक वाटतंय."

"तुला गेल्या वर्षीही वाटलं होतं."

कॉलिनने खांदे उडवले. त्याची पुढची शेतं वाट बघत होती. टेकडीपलीकडचं उरकून येतो म्हणाला, सहा वाजतील, वेळेवर झालं तर. जेफने मान हलवली. चार-पाच तासांचं ऊन आणखी मिळेल, एवढा त्याचा हिशेब. बेलर रस्त्याला लागला आणि कुंपणाआड गेला.

दोन वाजता आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दियासाठी मऊ भात-वरण करत होत्या. त्यांनी वरणात घालायला सटात बोटं घातली आणि तशीच वर काढली.

"अगं आश्लेषा, हे मीठ आहे की लापशी?"

"का?"

"केवढं पाणी सुटलंय. तांदूळ नाही घातलेस ह्यात?"

"कसले तांदूळ?"

"कसले म्हणजे? मिठात चार दाणे तांदूळ टाकतात. ओल ओढून घेतात. तुझ्या आईने नाही सांगितलं?"

"आमच्याकडे पुण्यात मीठ पिशवीतच असायचं."

"पिशवीतच असायचं म्हणे. आणि हात तरी कोरडा करून घालत जा. हे झाकण बघ, बसतच नाही नीट. पावसाळी हवा सगळी आत." बोलता बोलता त्या माझ्याकडे वळल्या. "काय गं? काय झालं?"

मी सांगितलं. बरणी, पाच ठिकाणचं गवत, परत गेलेला बेलर.

मला वाटलं आता त्या बोलतील. त्यांनी वरणाखालचा गॅस बारीक केला आणि दुसऱ्या शेगडीवर तवा ठेवला.

"ह्यातलं दोन चमचे भाजून घे. मग पूर्ण गार होऊ दे. गरम घातलंस तर परत घाम धरेल."

मीठ तव्यावर आधी पसरलं, मग गोळे फुटले, मग खडखडीत झालं. ते गार व्हायची वाट बघत आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो. आई बशीवर वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. मग मी पुन्हा कुरणात गेले, पुन्हा पाच ठिकाणं, पुन्हा कात्री. या वेळी बरणी हलवताना आवाजच वेगळा आला. मीठ तळाशी वाळूसारखं सुटं पडलं. काच स्वच्छ.

"आता त्याला सांगायला हवं," मी म्हटलं.

"हो मग. मी येऊ?"

"दिया उठेल."

"मग जा. आणि लांबण लावू नकोस. आधी काम सांग, सॉरी नंतर."

जेफ खुर्चीतच होता. मी म्हटलं, "जेफ, गवत कोरडं आहे. एक वाजताही कोरडंच होतं. माझं मीठ ओलं होतं."

त्याने बरणी घेतली. स्वतः हलवली. तिरपी केली, मीठ एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकताना बघितलं.

"किती वाजले?"

"तीनला दहा कमी."

त्याने खिशातून फोन काढून कॉलिनला लावला. पलीकडे नुसतं यंत्र ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा उचलला. बोलणं छोटंसं झालं. अर्ध्यावर आलोय, मधेच सोडून येता येणार नाही, पाच-साडेपाच.

"सॉरी," मी म्हटलं.

"माझा बाप तीनदा करायचा," जेफ म्हणाला. "तीन बरण्या, तीन ठिकाणचं गवत. मी म्हटलं, एकदा पुरे."

"मीठ मी आणलं होतं."

"हो. मीठ तू आणलं होतंस."

तो चिडला नव्हता. जे झालं तेवढंच त्याने म्हटलं. पश्चिमेला आकाश अजून निळं होतं, फक्त कडेला शाई सांडून पुसल्यासारखा एक पट्टा.

चार वाजता आई दियाला बग्गीत घालून, थर्मास घेऊन आल्या. जेफला चहा दिला. त्याने विचारलं, "ह्यात काय आहे?"

"आलं. छातीला बरं."

"आणि मीठ?"

"ते माझी सून बघते," आई म्हणाल्या.

जेफ हसला, मग खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत आम्ही तिघी कुरणाकडे बघत राहिलो. थांबल्यावर आई म्हणाल्या, "हे गवत मे महिन्यात पुण्याला नेलं असतं तर दोन तासांत वाळलं असतं."

"गवत की मी?" जेफने विचारलं.

"दोघंही."

दिया बग्गीतून गाई मोजत होती. एक, दोन, तीन. अकरापर्यंत जाऊन पुन्हा एक.

कॉलिन पावणेसहाला आला. बरोबर भाऊ, गठ्ठे उचलून शेडमध्ये नेणाऱ्या दुसऱ्या ट्रॅक्टरवर. फाटकातून आत जाताना कॉलिन माझ्याकडे बघून म्हणाला, "पुढच्या वेळी मिरी पण टाकून बघा." तेवढं ऐकून घेणं मला भागच होतं.

बेलर ओळी गिळत गेला आणि मागून एकेक गोल गठ्ठा बाहेर टाकत गेला. भाऊ तो ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी सुळ्यावर उचलून शेडकडे पळायचा. शशी ट्रेनवरून आला तो ऑफिसच्या शर्टातच शेडच्या दाराशी उभा राहून त्याला मागे-पुढे सांगत होता. जेफ खुर्चीत बसून एक-एक ओळ संपताना बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तोही मोजत होता.

सात वाजून दहा मिनिटांनी बरणीच्या झाकणावर पहिला थेंब पडला. ती मी अजून हातातच धरली होती. मग दुसरा. कॉलिनने आणखी एक ओळ घेतली, अर्धी आणखी, आणि मग थांबला. ओलं गवत बांधायची चूक त्याने गेल्या वर्षी केली होती, या वर्षी केली नाही. खालच्या कुंपणाकडच्या ओळी तशाच पडून राहिल्या, एकामागून एक सर घेत.

शेडमध्ये पंचेचाळीस गठ्ठे होते.

"सात जणींचं आहे," जेफ म्हणाला.

खालच्या ओळी पुढच्या आठवड्यात काळ्या पडल्या, मग त्यांच्यातून हिरवे कोंब आले.

सप्टेंबरात चार गाई न्यायला ट्रक आला. कुठल्या चार, ते जेफने ठरवलं होतं. तिघी पटकन चढल्या. चौथी, अर्ध्या कानाची, फळीवर पाय ठेवून थांबली. जेफने तिच्या पाठीवर हात ठेवला, ढकललं नाही, नुसता ठेवला. मग ती चढली. मी खिडकीशी दियाला कडेवर घेऊन उभी होते. ट्रक गेल्यावर दियाने कुरणाकडे बोट करून मोजायला घेतलं. सातव्या गाईशी गाई संपल्या, पण तिचे आकडे संपले नव्हते. आठ पाण्याच्या हौदाला, नऊ फाटकाला, दहा त्या घडीच्या खुर्चीला, अकरा जेफला. मग ती समाधानाने खाली उतरली.

मी नंतर मॉरीनला सगळं सांगितलं होतं, मिठासकट. ती म्हणाली, "आश, मी तर अकराच्या अकरा गेल्या असं धरून चालले होते." हे माझ्यासाठी म्हटलं की खरंच, ते मला कळलं नाही.

नोव्हेंबरात पहिला गठ्ठा सोडायची वेळ आली. सकाळी दारावर टकटक झाली. जेफ उभा होता, मास्क लावून.

"काम आहे," तो म्हणाला.

मी दियाला शशीकडे दिलं आणि त्याच्यामागे गेले. शेडच्या दारापाशी तो थांबला. पुढे जायला त्याला मनाई होती. मी आत गेले. कॉलिनने गठ्ठ्याची दोरी कापून ठेवली होती.

"आत हात घाल," जेफ बाहेरून म्हणाला. "कोपरापर्यंत. मधलं काढ. गरम लागतंय?"

"नाही."

"रंग?"

"हिरवट. फिका."

"वास कसा आहे?"

मी मूठ नाकाशी धरली. चहाचा जुना डबा उघडल्यावर येतो तसा वास होता, थोडा गोडसर, बुरशीचा नव्हे. मला लगेच सांगता आलं असतं. दारात जेफ मास्कच्या वरून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या मागे कुंपणाशी सात गाई उभ्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं.

पुढच्या गठ्ठ्याची दोरी कापली, हात घातला, वास घेतला. मग आणखी आतल्या एकाची.

तिन्हींचा वास तोच. तीन झाल्यावर मी त्याला सांगितलं, "कोरडं आहे."